उंबऱ्याची पैज

भुसावळात रेल्वेचे रूळ गावाचे दोन तुकडे करतात. अलीकडे गाव, पलीकडे लाइनपार. दोन्हीकडची माणसं एरवी एकाच शेडमध्ये कामाला, एकाच टपरीवर चहाला. पण थंडीत एकदा का दोन्ही टीमची फुटबॉलची मॅच लागली, की सख्खे भाऊसुद्धा एकमेकांना पाण्यात पाहतात. मी लाइनपारचा. माझा शालक, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गावातला.

पैशाची पैज आमच्या टपरीवर चालत नव्हती. टपरीवाले आबा नोट दिसली की म्हणायचे, "उकळता चहा अंगावर फेकीन." म्हणून पैजा लागायच्या त्या इज्जतीच्या. कुणी मिशी पणाला लावायचा, कुणी महिनाभर अनवाणी हिंडायचा. एक जण तर हरल्यावर जिंकणाऱ्याची सायकल डोक्यावर घेऊन अख्खा बाजार फिरला होता. पैज चार जणांसमोर लावायची, आणि सोडायची झाली तर जिंकणाऱ्यानेच, त्याच चौघांसमोर सोडायची. हरणाऱ्याने सूट मागायची नाही. मागितली तर वर्षभर त्याच्या नावाने शिट्ट्या.

त्या वर्षी शालक म्हणाला, "दाजी, तुमच्या गोलकीपरला बॉलपेक्षा भजीच बरी पकडता येतात." टपरीभर हशा झाला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"लाव मग पैज," मी म्हणालो. "हरलास तर पुढच्या वर्षीच्या मॅचपर्यंत माझा उंबरा ओलांडायचा नाही."

त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. ड्यूटी सुटली की रोज आमच्याकडे येणारा माणूस तो. दारातूनच ओरडायचा, "अक्का, मी उनू!" मी आलो, असं. बहीण-भाऊ शिरपूरकडचे, आपसात अहिराणीच बोलायचे. पण चार जण तोंडाकडे बघत होते. "लावली," तो म्हणाला.

मॅच आम्ही जिंकलो. जिंकलो कसले! शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून बॉल त्यांच्याच जाळीत गेला. आम्ही ढोल बडवत रुळांवरचा पूल ओलांडला, आणि मी घरी येऊन बायकोला पैजेचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी तशीच राहिली.

"मॅच तुमनी, पैज तुमनी, अन् भाऊ मन्हा गया!" ती म्हणाली. रागावली की तिला मराठी सुचायची नाही.

"वर्षाचाच तर प्रश्न आहे," मी म्हणालो, आणि हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शालकाने शब्द पाळला. यायचा, पण बाहेरच्या ओट्यावर बसायचा. ती चहा बाहेर न्यायची आणि तिथेच बसून प्यायची. राखी उंबऱ्यावरून बांधू नये म्हणतात, म्हणून ती अंगणात गेली. शेजारपाजारच्या बायका बघत होत्या. मी आत टीव्ही लावून बसलो होतो.

पावसाळा सरता सरता ती पिवळी पडू लागली. जळगावच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, लिव्हर गेलंय, दिवाळी गाठली तर गाठली. घरी आणल्यावर तिला ओट्यापर्यंतही चालवेना. मग शालक ओट्यावर बसून मोबाइलवरून तिला व्हिडिओ कॉल करायचा. मध्ये एक भिंत. त्याचा आवाज आधी भिंतीतून यायचा, मग फोनमधून.

"सोडा ना ती पैज," ती एकदा म्हणाली.

"त्याने एकदा मागू दे. लगेच सोडतो."

"त्याने मागायचं नसतं. तुमचाच नियम ना?"

खरं सांगायचं तर टपरीवर मला लाइनपारचा वाघ म्हणू लागले होते. पैज सोडली असती तर म्हणाले असते, वाघ बायकोपुढे शेपूट हलवतो. एवढ्यासाठी. बस, एवढ्यासाठीच.

भाऊबीजेला आम्ही तिची खाट ओढत दारापर्यंत आणली. तो बाहेर पाटावर बसला. आडवं पडूनच तिने हात लांब करून ओवाळलं. निरांजन तिला पेलवेना, ते मलाच धरावं लागलं. मी म्हणालो, "ये रे आत, राहू दे ते."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "टपरीवर बोला, दाजी. तिथे चौघांपुढे लावलीत."

आणि मला काय वाटावं? अपमान झाल्यासारखं वाटलं! मी स्वतः बोलावतोय आणि हा मला नियम शिकवतो! मी खाट आत ओढली आणि दार लोटून घेतलं. टपरी आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं, परवा जाऊ म्हटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

बायकांनी तिला आंघोळ घातली. आता अंगावर माहेरची साडी घालायची, ती भावानेच आणायची असते. सगळ्या आत थांबून होत्या. तो बाहेर ओट्याखाली उभा होता, हातात हिरवी साडी. कुणीतरी म्हणालं, "अरे, आत दे ना." तो हलला नाही. टपरीवरचे चौघे अंगणातच होते, आबाही होते. मी बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर म्हणालो, "पैज सोडली."

शब्द दोनच. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शालकाने उंबऱ्यापाशी चप्पल काढली, दारातूनच म्हणाला, "अक्का, मी उनू," आणि आत गेला. मॅचला अजून अठरा दिवस होते.