मागचं चाक आणि रझिया

रझिया गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, सलीमभाईंनी, राजुऱ्याहून फोनवर सांगितलं. फोन ठेवला आणि मला आधी आठवले ते तिचे काळे, तेलकट हात... आम्ही दोघी नर्स. नव्वदच्या दशकात जिवतीच्या डोंगरात एकाच उपकेंद्रावर होतो. रझियाच्या वडिलांचं राजुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान, ती तिथंच खेळत वाढलेली. पर्समध्ये कंगव्याशेजारी पातळ पाना ठेवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

डोंगरावर कोलाम आदिवासींची एक वस्ती होती. लसीचा डबा घेऊन आम्ही पोचलो की बाया लेकरं उचलून जंगलात जायच्या. आदल्या वर्षी सुईनंतर एका बाळाला सणकून ताप भरला होता, त्याचा धसका. एका सकाळी वस्तीच्या तोंडाशीच माझ्या सायकलचं मागचं चाक खटखटत फ्रेमला घासू लागलं. मी म्हटलं, फ्रीव्हील गेलं, आता चालतच परतू. रझियानं सायकल उलटी केली.

“फ्रीव्हील हललं तं हलू दे ताई, तिथं थोडी ढील राह्यतेच. तू रिम धर अन् आडवी हलवून पाह्य.”

हलवली, तर अख्खं चाकच डुलत होतं. चाकाच्या मधोमध हबमध्ये छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, दाबून धरणारा कोन नावाचा नट सैल झाला होता. तिनं चाक काढलं, छर्रे माझ्या रुमालावर ओतले, फुटलेले फेकून बाकीचे पुसले. ग्रीस नव्हतं. तेवढ्यात झाडाआडून एक म्हातारी मोहाच्या बियांचं घट्ट तेल घेऊन आली. तिच्यामागून हळूहळू बाकीच्या. बाई सायकल उघडून बसलीय हे बघायचं होतं त्यांना! कोन जास्त आवळला तर चाक जड, कमी आवळला तर पुन्हा डुलणार. रझिया जरासा फिरवायची, चाक गरगर सोडायची, पुन्हा जरासा... आणि मोडक्यातोडक्या कोलामीत गप्पा चालूच. शेवटी एका आईनं विचारलं, पोराला ताप आला तर?

“ताप तं येईन,” रझिया म्हणाली. “तो उतरेपर्यंत मी तुझ्या घरी राह्यते.”

त्या दिवशी झाडून सगळ्या लेकरांना लस दिली. दुरुस्त सायकलवर रिकामा डबा बांधून मी एकटीच खाली आले. रझिया खरंच तिथं राहिली, त्या आईच्या बाळाचा ताप उतरून ते खेळायला लागल्यावरच डोंगर उतरली. त्यानंतर आम्हाला बघून तिथलं कुणी पळालं नाही.

पुढं बदल्या झाल्या, भेटी ईदेपुरत्या उरल्या. मग तिचं दुखणं... त्याबद्दल ती फोनवर कधी फार बोलली नाही.

परवा राजुऱ्याला गेले. सलीमभाईंनी चहा केला. कप माझ्या हातात देण्याआधी त्यांनी चमच्यानं वरची साय अलगद काढून बशीत ठेवली. मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं.

“ताईले साय नाई चालत,” ते म्हणाले, “रझियानं सांगून ठेवलं होतं... ताई येईन म्हणे.”