हात वर होता, तरी मारलं

मंडळी, डोकं अजून तापलंय. आज खालापूरला मोबाईल गेमची स्पर्धा होती. मी शेलूच्या टीमचा कॅप्टन.

फायनलला समोर कशेळ्याची टीम. त्यांच्या एका मुलीचा फोन हँग झाला, तिने हात वर केला. हात वर दिसला की सगळ्यांनी थांबायचं, हे आधीच ठरलेलं. तरी आमच्या रूपेशने गेममध्ये तिला उडवलं, वर नाचूनही दाखवलं.

"हात दिसला नाय का रं तुला?"

"दिसला ना दादा. म्हणून तर मारली."

मी पंचांना सांगून राउंड परत खेळायला लावला. आम्ही हरलो. आता टीमच्या ग्रुपवर मी गद्दार.

रूपेशचे वडील कबड्डी खेळायचे. पकडीत पडलेल्या गड्याला स्वतः हात देऊन उठवायचे. त्यांच्या पोराला साधं थांबताही येऊ नये?