सिलिंडर बंद, तरी वजन वाढलं

मंडळी, आकडा फार चांगला आला की मला आधी शंका येते.

झिओलाइट या सच्छिद्र खनिजाची भुकटी कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात एमएस्सीच्या वैष्णवीनं या भुकटीतलं सोडियम बदलून कॅल्शियम घातलं. आज तिनं वही दाखवली, तर वायू दुपटीनं धरलेला! मला ते खोटंच वाटलं.

"माझ्यासमोर पुन्हा कर."

"मॅडम, तुम्हाले वाटते का मी आकडा मनानं लिहिला?"

मी काट्याकडे बोट दाखवलं. तिनं तापवून सुकवलेली भुकटी काट्यावर ठेवली; वायू सोडल्यावर जितकं वजन वाढेल तितका वायू धरला, असा हिशेब. वायूचा सिलिंडर अजून उघडलाच नव्हता, तरी वजन वाढत होतं. भुकटी हवेतला ओलावा ओढत होती.

म्हणजे आकडा चुकला होता, पण पोरगी खरी होती. मी माफी मागितली. "जाऊ द्या, मॅडम," म्हणाली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आकड्यावर शंका घेताना माणसाला त्या शंकेतून कसं वगळता हो तुम्ही?