पसरायला वेळ लागतो
रिकाम्या चौकोनात कर्सर लुकलुकतोय, दारात ताटकळलेल्या माणसासारखा. सोशल मीडियाचा छोटा सर्व्हर मी घरीच चालवतो. त्यावर बायको लिहिते आणि तिच्या नावापुढे पत्ता म्हणून माझ्या आडनावाचं डोमेन लागतं. तिचे वाचक वाढत गेले, मला कुणी वाचेना. मग तिने माहेरच्या नावाचं डोमेन घेतलं.

"अहो, एवढं जोडून द्या."

"जोडलंय, नवा पत्ता इंटरनेटभर पसरायला वेळ लागतो," असं मी महिनाभर सांगत राहिलो. खरं तर नवं डोमेन लिहायचा हा चौकोन मी भरलाच नव्हता. जळत होतो. लग्नात ताटातल्या तांदळांत मी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, ते मात्र तासाभरात गावभर पसरलं होतं.

आज चौकोन भरला. चहा निवायच्या आत तिचं माहेरचं नाव उमटलं.

"पसरलं वाटतं," ती म्हणाली.

"नाही गं. आज जोडलं."