तिसऱ्या नावेची फळी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा शेवटचे आठ दिवस मी तिच्या खाटेशी बसून होतो, बोलायला वेळच वेळ होता — तरी नाही. देवापुढं म्हणाल, तर देवापुढं मी फारसा उभाच राहत नाही. तुम्हाला सांगतो आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर सांगितलं असतं का? शंका आहे.

मी वाढई. म्हणजे सुतार, आमच्या झाडीपट्टीत वाढई म्हणतात. पुढं शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायला लागलो आणि लोक मास्तर म्हणू लागले, पण हात वाढयाचेच राहिले. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी मी एकच वाक्य सांगायचो — माप खोटं बोलत नाही. आणि दरवर्षी ते बोलताना जीभ अडखळायची. पोरांना वाटायचं, मास्तरच्या तोंडात पान आहे.

आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नवेगाव बांधच्या तलावावर पाण्याच्या खात्याचे एक साहेब बदलून आले. त्यांना शिडाच्या नावांचं वेड. आमच्या तलावात तोवर फक्त मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे फिरायचे, बांबूनं नाहीतर वल्ह्यानं रेटायचे. शीड कोणाच्या बापानं पाहिलं होतं? साहेबांनी माझ्या ओसरीवर कागदाची गुंडाळी उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर माझीच हत्यारं ठेवून मला ते चित्र समजावलं. नावेचा कणा, फासळ्या, डोलकाठी, सुकाणू. आणि मधली फळी.

ही फळी नीट समजून घ्या, सगळं हिच्यावरच आहे. नावेच्या पोटात मधोमध एक उभी खाच असते. तिच्यातून एक रुंद फळी खाली पाण्यात सोडायची. वारा शिडाला बाजूनं ढकलतो, तेव्हा नाव बाजूला घसरत जाऊ नये म्हणून ती फळी पाणी धरून ठेवते. वारा पाठीशी असला की फळीचं काही काम नाही, वर ओढून घ्यायची. पण वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर नागमोडी जावं लागतं, आणि तिथं सगळा भरवसा तिचाच. वरून दिसते फक्त तिची मूठ. बाकी सगळी पाण्याखाली.

साहेबांना अशा चार नावा हव्या होत्या, आणि चारही अगदी एकसारख्या. मी म्हटलं, साहेब, एक जरा मोठी करू का तुमच्यासाठी? ते हसले. म्हणाले, “नाही. एकच फर्मा, एकच लाकूड, एकच शीड. नावा सारख्या असल्या की मग जो हरतो, त्याला नावेवर बोट दाखवता येत नाही. तो माणूस म्हणूनच हरतो.”

मला ते फार आवडलं होतं. खरंच सांगतो. मी सागवानाचे फर्मे केले, प्रत्येक फासळी त्यांवर ठेवून तासली. सहा महिने लागले. चार नावा ओळीनं काठावर उलट्या टाकल्या तेव्हा कोणती पहिली आणि कोणती चौथी हे मलाच कळेना. शेवटी नाकाडावर रंगाचे पट्टे ओढले, एक, दोन, तीन, चार. आयुष्यात तेवढं चोख काम मी पुन्हा केलं नाही.

आणि त्या सहा महिन्यांत रोज माझ्यासोबत कोण होतं? मंगरू. ढिवराचा मंगरू, माझा लंगोटीयार. लाकूड धरायला तो, फटींत राळ भरायला तो, आणि पहिली नाव पाण्यात उतरली तेव्हा तिच्यात बसणाराही तोच. आठ दिवसांत त्यानं शीड असं आत्मसात केलं की साहेब काठावर उभे राहून बघतच राहिले. वारा यायच्या आधी त्याला दिसायचा. पाण्यावर सुरकुती उठली की म्हणायचा, “तो पाय, येऊन राहिला.” म्हणजे, तो बघ, आला वारा. मी नुसता पाणी बघायचो. मला काही दिसायचं नाही.

मग साहेबांनी जाहीर केलं — नावांची देखभाल करायला एक कायमचा नावाडी नेमायचा आहे. खाकी कपडे, दरमहा पगार, बांधाजवळ राहायला खोली. वशिला चालणार नाही, शर्यत लावायची. नावा सारख्याच आहेत, जो जिंकेल तो नावाडी. चार नावं लिहिली: मंगरू, मुर्री गावचा एक उंच तरुण, साहेबांच्या कचेरीतला एक शिपाई, आणि चौथा मी.

हो, मी. चार महिने पाऊस म्हणजे वाढयाच्या हाताला गंज. पगाराची खोली मी मनातल्या मनात लावूनसुद्धा ठेवली होती, रंधा कुठं, खाट कुठं. मंगरूसारखं शीड मला जमत नव्हतं, हे मला कळत होतं. पण नाव मी केली होती ना? तिनं माझं ऐकलं असतं असं वाटायचं.

शर्यतीच्या चार दिवस आधी मंगरू साहेबांकडं गेला. मी तिथंच होतो, तिसऱ्या नावेचं सुकाणू बसवत होतो. माझ्यादेखत तो म्हणाला, “साहेब, येले पोहता येत नाही. येचं नाव काढा.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्या नावावर रेघ मारली. माझ्या जागी बाजारातला एक भोई घेतला.

मला पोहता येत नाही हे त्या गावात एकट्या मंगरूला माहीत होतं. लहानपणी तलावाच्या तोंडाशी मी बुडायला लागलो होतो आणि त्यानं केसांना धरून मला ओढून काढलं होतं. कोणाला सांगू नको म्हणून मी त्याला शपथ घातली होती, आणि त्यानं ती एवढी वर्षं पाळली. मग आत्ताच का तोडली? मला एकच उत्तर सुचलं — त्याला वाटेतला एक माणूस कमी करायचा होता. दगा दिला. जिवाभावाच्या माणसानं, सगळ्यांसमोर. त्या चार दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. तो दोनदा घरी आला. म्हणाला, “काऊन बोलत नाहीस गा?” मी आतूनच बायकोला सांगितलं, झोपलो आहे म्हण.

आता मला माहीत आहे की नाव उलटली असती तर मी बुडालो असतो, आणि तो मला नोकरीपेक्षा जिवंत बघू इच्छित होता. पण हे मी नंतर समजलो, असं सांगून सुटता येणार नाही. तेव्हाही कुठंतरी माहीत होतंच. राग हवा होता, म्हणून तिकडं बघितलं नाही.

नावा करताना एक फळी वाया गेली होती. टोकाला चीर गेली, म्हणून मी ती खालून वीतभर कापून टाकली, टोक पुन्हा गोल केलं आणि बायकोला पाट करू म्हणून कोपऱ्यात उभी ठेवली. बदली नवी केली. म्हणजे मी काम करायचो त्या छपरात फळ्या पाच होत्या. चार बरोबर, एक आखूड. वरची मूठ पाचहींची सारखीच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी साहेबांनी फीत घेऊन सगळं मोजलं. नावा, शिडं, चारही फळ्या. सगळं जुळलं. माझ्या पाठीवर थाप मारली आणि फळ्या माझ्याकडंच ठेवायला दिल्या. विश्वासाचा माणूस ना मी!

सकाळी चिठ्ठ्या काढल्या. मंगरूला तिसरी नाव आली. मी छपरातून एकेक फळी आणून एकेका नावेत बसवू लागलो. पहिली. दुसरी. मग पुन्हा आत गेलो, आणि चांगली फळी सोडून कोपऱ्यातली उचलली.

चुकून उचलली का? नाही. चुकून उचलली असती तर बरं झालं असतं.

नाव पाण्यात डुलत होती. मला चढायची भीती वाटते हे मंगरूला ठाऊक. त्यानं एका हातानं नाव धरली, दुसऱ्या हातानं माझा दंड धरला आणि म्हणाला, “हरू, हरू,” म्हणजे हळू, हळू, “मी हाव ना.” त्याच्या हाताचा आधार घेऊन मी ती फळी त्याच्या नावेत बसवली.

जाताना वारा पाठीशी होता. मंगरू सगळ्यांच्या पुढं. बेटावरच्या झेंड्याला वळसा घालणारा तोच पहिला. काठावरचे ढिवर ओरडत होते, साहेब टाळ्या वाजवत होते. परतीला वारा तोंडावर आला, सगळ्यांनी फळ्या खाली सोडल्या, आणि मंगरूची नाव घसरायला लागली. चिखलात पाय सरकावा तशी, बाजूबाजूनं. तो शीड बरोबर ओढत होता, वळण बरोबर घेत होता, सगळं बरोबर करत होता. तरी नाव काठच्या गवताकडं जातच राहिली. मुर्रीचा तरुण जिंकला. मंगरू चौथा आला. पोहता न येणाऱ्याच्या जागी घेतलेल्या भोयाच्याही मागं.

फळ्या गोळा करायचं काम माझंच होतं. मी ते लगेच केलं.

ढिवराचा पोरगा पाण्यात हरला — गावाला हसायला एवढं पुरे. विहिरीवर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत. मंगरू सुरुवातीला स्वतःही हसायचा. मग तलावाकडं जाणं कमी झालं. मग जाळी चुलतभावाला देऊन टाकली आणि बायकोपोरांना घेऊन चिचगडच्या जंगलात बांबू तोडायला जायचं ठरवलं. बऱ्याच वर्षांनी मी त्याला चिचगडला एकदाच पाहिलं. तळहातांना कुऱ्हाडीचे घट्टे. सोबत मोठा मुलगा. मी विचारलं, याला पोहायला शिकवलं का? तो म्हणाला, “कायले? आमच्या हातात नाही ते.” ढिवर म्हणाला हे. माझ्या तोंडावर, काही रोष न ठेवता. मला चहा पाजला त्यानं.

पण जे सांगायला बसलो ते हे नाही. ते अजून राहिलंच आहे.

चिचगडला जाण्याच्या दिवशी सकाळी तो माझ्या छपरात आला. बैलगाडी रस्त्यावर उभी, तिच्यावर भांडीकुंडी, बायको आणि पोरं. मी रंधा मारत होतो. तो भुशात येऊन उभा राहिला. रागावलेला नव्हता. जी गोष्ट त्याला कोणालाच विचारता येत नव्हती, ती तो मला विचारायला आला होता, कारण नावा मी केल्या होत्या, आणि त्याच्यासाठी माझ्या शब्दापुढं काही नव्हतं.

“तू खरं सांग गा,” तो म्हणाला. “माह्या नावेत काही फरक होता का?”

आखूड फळी माझ्या पाठीमागं होती, भिंतीला टेकलेली, तिच्यावर पोतं टाकलेलं. हात मागं केला असता तर लागली असती.

मी म्हणालो, “नाही. चारही सारख्याच.”

त्यानं मान हलवली. “मंग ठीक हाये,” म्हणाला. “मंग मीच.”

आणि गाडीत जाऊन बसला.