सोनाबायच्या कानातली फोडणी

सोनाबाय घरत हिच्यावर अन्याय झाला. दोन वर्षांपूर्वी, वैशाखात, पनवेलजवळच्या कोन गावात, एका हळदीच्या संध्याकाळी, भरल्या मांडवात, सगळ्यांच्या देखत. कुणी तिच्यावर हात उगारला नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. उलट तिला मानाचा नारळ दिला, लोक तिच्या पाया पडले. आणि त्याच संध्याकाळी तिच्या कानातली शांतता जी गेली ती परत आली नाही. हे मी आधीच लिहून टाकते, कारण आपल्याकडे असल्या गोष्टी 'वय झालं की होतंच' म्हणून गुंडाळून ठेवायची सगळ्यांना फार घाई असते.

ती मला भेटली त्यानंतरच्या पावसाळ्यात, पनवेलच्या एसटी स्थानकावर. मी गोंगाटाविरुद्धची पत्रकं वाटत उभी होते. हिरवं नऊवारी नेसलेल्या एका बाईने पत्रक घेतलं, न बघताच घडी करून कमरेला खोचलं आणि माझं मनगट धरलं.

"पोरी, ही शिट्टी वाजली ती तुना पन आयकू आली काय?"

"आली की. कंडक्टरची होती, मावशी."

"मंग बरं. आनि ही?"

"कुठली?"

"आता चालू हाय ती."

मी कान दिला. रिक्षा, हॉर्न, भज्यांच्या गाडीवरची बोंब, सगळं होतं. शिट्टी नव्हती. तसं सांगितलं तर तिने मान डोलावली. "मंग ती माझी," म्हणाली आणि गाडी लागली म्हणून चालायला लागली. मी पत्रकांचा गठ्ठा बगलेत मारून तिच्या मागोमाग गाडीत चढले.

ही तिची रोजचीच रीत होती. कुठलाही आवाज आला की शेजारच्याला विचारायचं, हा बाहेरचा की माझा? फोन वाजला, विचारायचं. कुकरची शिट्टी झाली, विचारायचं. घरात कुणी नसेल तर पंचाईत. कुकर खराच शिट्ट्या मारतोय हे न समजल्याने एकदा तिची डाळ करपली, तर एकदा वाजलाच नाही अशा फोनला ती बराच वेळ "हालू, हालू" करत बसली. ते सांगताना ती हसायची. कानात नेमकं काय होतं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कढईन मोहरी टाकल्यावर तडतडते ना, तसं. पन फोडनी सपतच नाय. भाजी कवा टाकनार गो ही बया, असं होतं." आणि त्या तडतडीवर मधूनच ती बारीक शिट्टी.

सोनाबाय धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या पनवेल-उरणकडच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी मान असतो तो धवलारणीचा. ती धवले गाते, म्हणजे गाऊन गाऊन देवांना लग्नाचं आवतण देते. गावदेवीपासून एकवीरेपर्यंत, शेताच्या बांधावरच्या देवापासून खाडीतल्या देवापर्यंत. आणि घरातले जे गेले त्यांनाही, आजा, पणजा, आजी, एकेकाचं नाव घेऊन. कुणी राहून गेलं तर ते रुसतं, अशी समजूत. हे सगळं लिहिलेलं कुठेच नाही. सोनाबायला ते तिच्या सासूकडून आलं होतं, आणि आता फोडणीच्या आवाजात तिला स्वतःचा सूर सापडत नव्हता. दिवाळीनंतर लग्नसराई होती. गाता येईल की नाही, हा तिचा एकच प्रश्न होता. बाकी तडतड तिने सहन केली असती.

म्हणून ती कारण शोधत होती. सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं मोबाइलचा टॉवर, कुणी म्हणालं डोंगरातले सुरुंग, कुणी चहा, कुणी वात. शेजारणीने लसूण घालून तापवलेलं तेल ओतायला लावलं, त्याने कान सुजला तेवढा. सोनाबाय एका वेळी एकच गोष्ट सोडायची. "सगला येकदम सोडला तर गुन्हेगार कोन ते कसा कलनार?" आधी फोन बंद ठेवला. फरक नाही. "फोन सुटला. आता चायला धरते." चहा सोडल्यावर डोकं दुखायला लागलं आणि तडतड होती तिथेच. "चाय पन निर्दोष," असं तिने जाहीर केलं आणि लगेच आधण ठेवलं. लोकांनी तिला सांगितलं, घर हायवेजवळ आहे, लेकीकडे पेणला जाऊन राहा. ती म्हणायची, "गाड्यांची घरघर हाय म्हनून तर माजी फोडनी जरा दबते. शांत जागी गेले तर मी आनि तीच."

मी तिच्याकडे जायला लागले ते खरं म्हणजे पत्रकासाठी. गोंगाटाने कान गेलेली एक जिवंत बाई मला हवी होती. पण ती मला कारण देईना. एका सकाळी जवळा निवडता निवडता तिने खाली मान घालून खरं सांगितलं. ती त्या वैशाखापासून गावातल्या घराघरांत जाऊन विचारत होती, "तुमच्या लग्नान मी कोनला इसरले काय?" तिच्या मनाने घेतलं होतं की कुठल्या तरी आवतणात एक देव राहून गेला आणि तोच आता कानाशी बसून ओरडतोय.

"मग लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"सगले बोलतात, नाय नाय मावशे, सगल्यांना बोलावलास. पन तोंडाकडं बगत नाय बोलताना."

मला संताप आला. तिचा नव्हे, त्या तोंडाकडे न बघणाऱ्यांचा. एवढं प्रामाणिकपणे विचारणाऱ्या बाईला कुणी सरळ उत्तर देऊ नये?

सरळ उत्तर निघालं तिच्या भाच्याच्या घरात. निलेश हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, आणि त्याचा धंदा डीजेचा. पळस्प्यापासून उरणपर्यंत त्याचे स्पीकर जायचे. वैशाखातल्या त्या हळदीला आवाज त्याचाच होता आणि आपल्या सामानाची जाहिरात करायला त्याने सगळा कार्यक्रम मोबाइलवर काढून ठेवला होता. सोनाबायने हट्ट धरला, मला ते दाखव, कोण राहिलं ते मला बघायचंय. निलेशने मोबाइल टीव्हीला जोडला. बायकोने पोहे आणले. आम्ही बघायला बसलो.

मांडव दिसला. पिवळे कुर्ते, पिवळ्या साड्या, नाचणारी पोरं. आणि माणसाहून उंच रचलेल्या स्पीकरच्या अगदी कडेला, लाल मखमलीच्या खुर्चीत, सोनाबाय.

"बग मावशे," निलेश कौतुकाने म्हणाला, "कसा मान दिल्ता तुला. नवरदेवाची खुर्ची होती ती. मी हातानं पुसून मांडली."

टीव्हीवर सोनाबायचे ओठ हलत होते. घरातल्या सोनाबायने पुढे वाकून सांगितलं, "आवाज वारव."

निलेशने वाढवला. खिडकीची काच थरथरली.

"हा नाय रं. माजा वारव."

निलेश रिमोटकडे बघत राहिला. "तुजा... त्यान नायच, मावशे."

पोहे निवत होते. टीव्हीवर ती गातच होती, डावा तळहात कानावर गच्च दाबून, डोळे मिटून, एकेका देवाला बोलावत. समोर हळद लावायला वाकलेली बाई हसून तिला काहीतरी सांगत होती, तेही तिला ऐकू येत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. लोकांनी तोंडाकडे का बघितलं नव्हतं ते मला कळलं. तिने कुणाला बोलावलं, कुणाला नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणी ऐकलंच नव्हतं.

मला वाटलं ही आता रडेल. मी स्वतः ओरडायच्या बेतात होते. पण सोनाबायच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओझं उतरवून घ्यावं तसं झालं. ती हसली.

"म्हंजे मी इसरले नाय कोनला," ती म्हणाली. "त्यांना आयकूच गेला नाय. मंग ते कशाला रागावतील?"

निलेशचा चेहरा उतरला होता. "मावशे, मी तर मानानं बसवलं गो."

"हां बाबा. मानानंच बसवलास."

तिच्या त्या वाक्यात टोमणा नव्हता. मला तो हवा होता, पण नव्हता. आमच्याकडच्या मांडवात मानाची जागा म्हणजे सगळ्यांत पुढे, आणि सगळ्यांत पुढे म्हणजे स्पीकरच्या तोंडी. आजी-आजोबा, मामा, धवलारीण, ज्यांना जपायचं त्यांनाच आपण तिथे नेऊन बसवतो आणि वर विचारतो, "नीट दिसतंय ना?" ही चूक द्वेषाने होत नाही. म्हणूनच ती दर हळदीला होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला पनवेलमधल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. निलेशनेच गाडी काढली. बंद खोलीत कानाला यंत्र लावून तपासणी झाली. बारीक, उंच आवाज तिला कमी ऐकू येत होते, डावीकडे जास्त. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं: गुडघ्यांसाठी कुठल्या गोळ्या घेता, रक्तदाब किती, कानात काय घातलंत. लसणीच्या तेलावरून चांगल्या रागावल्या. मग म्हणाल्या, "मोठ्या आवाजाने झालं असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे. वर्षानुवर्षं तुम्ही मांडवात बसताय, त्या संध्याकाळी कडेलोट झाला असेल. गोळ्यांचा, रक्तदाबाचाही थोडा वाटा असू शकतो. शंभर टक्के असं मी सांगणार नाही." आवाज पूर्ण जाईल असं वचनही त्यांनी दिलं नाही. ऐकायचं यंत्र लावून, खोलीत हलका आवाज ठेवून, हळूहळू मन त्याकडे जाणं कमी होतं, एवढंच म्हणाल्या. आणि यापुढे कान सांभाळा.

मी घरी येऊन त्याच दुपारी पत्रक लिहिलं: 'डीजेने घेतला धवलारणीचा कान!' मोठ्या अक्षरांत. तिला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "'बहुतेक' कुठं हाय?"

"मावशी, पत्रकात बहुतेक नसतं. लोक सोडून देतात मग."

"बाय बोलली ना, शक्यता. मंग तू कशी नक्की बोलतंस? आनि निलेशचा नाव काड."

"पण कारण तर तेच आहे!"

"बहुतेक." मग तिने मला समजावलं, लहान मुलीला समजवावं तसं. "गॅस बहुतेक चालू राह्यला असंल, असा वाटला तर तू काय करतंस? नक्की नाय म्हनून बाजारान बसून राहतंस? का उठून घरी जातंस?"

आमच्या चळवळीत मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्यातलं एकही मला इतकं कामी आलेलं नाही. आता माझ्या पत्रकांत 'बहुतेक' असतं. सोबतचे कार्यकर्ते कुरकुरतात. मला मात्र त्या शब्दामुळे समोरच्या डीजेवाल्याशी भांडण न होता बोलता येतं, कारण मी त्याला गुन्हेगार म्हणत नाही, फक्त उठून गॅस बघ म्हणते.

लग्नसराईतलं पहिलं आवतण आलं ते कोनमधूनच. सोनाबायने दोन अटी घातल्या. माझी खुर्ची स्पीकरच्या मागे, लांब, आणि धवले संपेपर्यंत आवाज पूर्ण बंद. नवऱ्यामुलाचे मित्र कुरकुरले. "मावशे, मूड जातो," एकजण म्हणाला. "तुजा मूड हिकरंच ठेव, मी सपले की ने," तिने सांगितलं. आवाज निलेशचाच होता. पोरं शिट्ट्या मारत होती, "चालू कर, चालू कर," आणि तो आपल्याच यंत्राकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभा राहिला.

तिचा सूर पहिल्यांदा हलला. ती थांबली, ऐकायचं नवं यंत्र लावलेल्या कानाकडे मान कलती केली, पुन्हा सुरुवात केली. मग लागला. देव झाले आणि घरातली माणसं सुरू झाली. नवऱ्यामुलाच्या आजोबांचं नाव आलं तेव्हा कोपऱ्यात बसलेली त्याची आजी उठून उभी राहिली. हात जोडले आणि रडायला लागली. मोठ्या नातवाच्या लग्नातही हे नाव घेतलं असेल, नंतर ती मला म्हणाली, पण तेव्हा स्पीकर चालू होता. "आज आयकला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली होती. त्यांतल्या एकाला, नवऱ्यामुलाच्या चुलतभावाला, आपल्या पणजोबांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सोनाबायची तडतड थांबली नाही. अजूनही आहे. पण मध्ये मध्ये ती तिला विसरते, आणि आपण विसरलो होतो हे आठवलं की तिला हसू येतं. यंदा ती पेणला लेकीकडे राहायला गेली. जाण्याआधी गावातल्या दोन सुनांना धवले शिकवून गेली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "भाषन नको करू. काम कर."

तर काम सांगते, आणि तुम्हालाच सांगते. पुढच्या ज्या हळदीला, वरातीला, मिरवणुकीला तुम्ही जाल, तिथे पोहोचल्यावर जेवणाकडे वळण्याआधी बघा, स्पीकरच्या तोंडी मानाने कोण बसलंय. तिथे जा. त्यांना हाताला धरून उठवा, खुर्ची उचला आणि लांब नेऊन ठेवा. कुणी विचारलं, "नक्की कान जातो का यानं?" तर सांगा, बहुतेक. आणि खुर्ची खाली ठेवू नका.