हार्लन क्विस्टचे दोन हात

हार्लन क्विस्टला दोन्ही हातांनी सारखाच चेंडू फेकता येई. या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान, तेवढीच तिच्यापायी तक्रारही. लहानपणी गोठ्याच्या माळ्यावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हा स्वस्थ बसवेना म्हणून तो डाव्या हातानं भिंतीवर चेंडू आपटत बसायचा. उजवा बरा होईपर्यंत डावाही तयार झाला. पुढे दुधाच्या टँकरवर नोकरी लागली, लग्न झालं, पोरं मोठी होऊन मिनियापोलिसला गेली, तरी उन्हाळ्यातल्या रविवारी गावच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून हा मैदानात हजर. त्याचा हातमोजासुद्धा दोन अंगठ्यांचा, कुठल्याही हातात चढणारा.

डाव्या हातानं आलेल्या चेंडूपुढे डावरा फलंदाज अडखळतो, उजव्यापुढे उजवा. त्यामुळे समोरचा माणूस बघून हार्लन मोजा या हातातून त्या हातात बदलायचा आणि भल्याभल्यांची भंबेरी उडवायचा. घोडं अडायचं ते एकट्या वेंडल टॉफ्टेपाशी. शेजारच्या गावचा हा शेतकरी दोन्ही बाजूंनी फलंदाजी करायचा. पहिल्यांदा दोघं समोरासमोर आले तेव्हा हार्लननं मोजा बदलला, तसा वेंडल पलीकडे जाऊन उभा राहिला. पुन्हा मोजा, पुन्हा वेंडल. दोघंही हट्टाला पेटलेले. हा तमाशा इतका लांबला की चर्चच्या बायकांनी सामन्यानंतरसाठी मांडलेलं जेवण पार गारढोण झालं. बायका भडकल्या, आणि त्याच हिवाळ्यात लीगच्या कमिटीनं नियम केला: पिचरनं आधी हात ठरवायचा, मग फलंदाजानं बाजू, आणि त्यानंतर कुणीच बदलायचं नाही.

तेव्हापासून वेंडल हार्लनला धुऊन काढत आला होता.

"पत्ते मी आधी उघडायचे आणि त्यानं ते बघून खेळायचं, हा कुठला न्याय?" हार्लन दर हिवाळी बैठकीत विचारायचा. नियम बदलायचा त्याचा ठराव दरवेळी पडायचा. पंच होती आर्डिस, त्याच्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे घरीही सुटका नाही.

"अरे, कुणीतरी आधी सांगायलाच हवं ना?" कॉफी ओतता ओतता ती म्हणायची. "चेंडू कधी टाकायचा, कुठे टाकायचा, सगळं तुझ्या हातात. त्या बिचाऱ्याला एवढं तरी असू दे."

"तू मेव्हणी माझी आहेस की त्याची?"

"मैदानात मी कुणाचीच नाही. केक घे आणि गप्प बस."

त्या वर्षी हार्लनचे खांदे बोलू लागले. हा हंगाम शेवटचा, असं त्यानं जाहीर करून टाकलं. शेवटचा सामना नेमका वेंडलच्या गावाशी. वेंडल फलंदाजीला आला तेव्हा दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, त्यांचा एक गडी होता. पण वेंडल आपल्या जागी उभाच राहिना. तो आर्डिसकडे गेला.

"आज मी आधी सांगतो," तो म्हणाला. "मी डावरा उभा राहणार. त्याला हवा तो हात घेऊ दे."

"नियमात बसत नाही."

"दोन्ही कॅप्टन हो म्हणाले तर?"

कॅप्टन लगेच हो म्हणाले. "हार्लनची कटकट थांबणार असेल तर वाट्टेल ते करा," हार्लनचाच कॅप्टन ओरडला, आणि बाकांवर हशा पिकला.

हार्लनला मात्र हसू येईना. इतकी वर्षं जे मागितलं ते समोर आलं होतं. आता यानं मारला तर दोष कुणाला द्यायचा? नको म्हणावं, असंही क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्यानं मोजा उजव्या हातात चढवला आणि चेंडू डाव्यात घेतला.

पहिला चेंडू वेंडलला दिसलाच नाही. दुसऱ्यावर त्याची बॅट हवेत फिरली. तिसरा हार्लननं आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला टाकला. बाहेर जाता जाता तो गुडघ्याखाली बुडाला. वेंडल वाकला आणि त्यानं तो कोपऱ्यातल्या कुंपणापर्यंत धाडला. बेसवरचा गडी उरलेली वाट धावून आला आणि त्यांना धाव मिळाली. वेंडल दुसऱ्या बेसवर जाऊन धापा टाकत उभा राहिला.

आर्डिसनं हात वर करून खेळ थांबवला. हार्लन सावकाश चालत वेंडलपाशी गेला. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटत होतं, कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

"म्हणजे नियमाचा काही संबंध नव्हता?"

"थोडाफार असेल," वेंडल म्हणाला. "पण हा चेंडू मी पुन्हा मारू शकणार नाही, बाबा. शप्पथ."

"इतकी वर्षं मी त्या कमिटीला शिव्या घातल्या."

"मग?"

"तुला घालायला हव्या होत्या."

"मग घाल की आता. कोण अडवतंय?"

हार्लननं मोजा काखेत मारला आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे गदगदा हलवले.

"हलकटा," तो म्हणाला, "काय मारलास रे!"